अप्पांचा रिपोर्ट लाल, आईचा हिरवा. पण आधी आईला न्या

या वेळी एकच पत्र घेते आहे. पुण्यात राहणाऱ्या एका लेकीचं आहे, आईवडील तासगावजवळच्या गावी असतात. ओळख पटेल असा मजकूर काढून पत्रातला मुख्य भाग देते:

“अप्पांचं वय ६३, शुगर चौदा वर्षांपासून. आईचं ५८, तिला सहा वर्षांपासून. गावात मागच्या रविवारी डोळ्यांचं मोफत शिबिर झालं. एका मुलाने हातातल्या कॅमेऱ्याने डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढले आणि पाच मिनिटांत ‘एआय’चा छापील रिपोर्ट दिला. अप्पांच्या उजव्या डोळ्यापुढे लाल खूण, ‘तज्ज्ञांना दाखवा’. डाव्या डोळ्यापुढे ‘फोटो तपासण्याजोगा नाही’. आईच्या दोन्ही डोळ्यांना हिरवी खूण, ‘एका वर्षाने पुन्हा तपासणी’. गंमत म्हणजे अप्पांना सगळं स्वच्छ दिसतं. आईला मात्र आठवडाभर उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगताना दिसतात, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं होतं. तिने त्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मावशी, रिपोर्ट नॉर्मल आहे.’ अप्पा म्हणतात, यंत्राला काय कळतंय, हे गिऱ्हाईक गोळा करायचे धंदे आहेत, आणि आता छाटणीचे दिवस आहेत, नंतर बघू. इंजेक्शनने डोळा जातो असंही त्यांनी कुठेतरी ऐकलंय. भाचा म्हणतो, हे यंत्र डॉक्टरपेक्षा अचूक असतं. मी दोघांचे रिपोर्ट मोबाइलवरच्या चॅटबॉटला दाखवले, तर तो म्हणाला अप्पांनी तपासून घ्यावं, आईंनी काळजी करू नये. मी कुणाचं ऐकू?”

ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला फोन करून सांगितलं ते इथे पुन्हा लिहिते, कारण अशी हिरवी खूण खिशात घेऊन फिरणारे आणखीही वाचक असतील. आईंना आधी न्या. पुढच्या आठवड्यात नको, आज किंवा उद्या, आणि पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांकडेच. अप्पांना दोनतीन आठवड्यांत नेलं तर बहुधा चालेल, आईंचं चालणार नाही.

डोळ्याच्या आत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. वय वाढतं तशी ही जेली आकसते आणि मागच्या पडद्यापासून सुटायला लागते. सुटताना ती पडद्याला ओढते, आणि त्या ओढीमुळे माणसाला प्रकाश चमकल्यासारखा दिसतो. काळे धागे, माश्या, जाळी दिसते ती जेलीतल्या गुठळ्यांची सावली असते, किंवा फुटलेल्या बारीक रक्तवाहिनीतून उतरलेल्या रक्ताची. बहुतेकांच्या बाबतीत जेली सुटते आणि पुढे काही होत नाही. पण काहींच्या पडद्याला त्या ओढीने चीर पडते. चिरेतून पाणी मागे शिरलं की पडदा भिंतीवरून सुटू लागतो. चीर असेपर्यंत बाह्यरुग्ण विभागात बसल्या बसल्या लेसरने ती बंद करता येते. पडदा सुटला की मग मोठी शस्त्रक्रिया, आणि मध्यभाग सुटला असेल तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही नजर पूर्वीसारखी येईलच असं नाही. म्हणून घाई. एखाद्या बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखं वाटलं किंवा धागे अचानक दहापट वाढले, तर उद्याचीही वाट पाहू नका. रात्र असली तरी मिरज-सांगलीच्या मोठ्या रुग्णालयात न्या.

मग यंत्राने ‘सर्व ठीक’ कसं म्हटलं? त्याला जेवढं विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर त्याने दिलं.

मधुमेहाच्या शिबिरात वापरतात त्या बहुतेक प्रणालींना एकच प्रश्न शिकवलेला असतो: या फोटोत मधुमेहामुळे पडद्यावर झालेले बदल ठरावीक पातळीच्या वर आहेत का? रक्ताचे बारीक ठिपके, पिवळट चिकट डाग, नवीन उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्या, एवढंच त्या शोधतात. तुमचे अप्पा द्राक्षवाले आहेत, त्यांना असं सांगा: बागेत फक्त केवडा रोग शोधायला पाठवलेला माणूस ‘केवडा नाही’ म्हणून परत आला, तर त्याचा अर्थ भुरी हा दुसरा रोगही नाही असा होत नाही. काचबिंदू, पडद्याची चीर, डोळ्याच्या नसेची सूज यांच्याबद्दल त्या हिरव्या खुणेने काहीही म्हटलेलं नाही.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. असा कॅमेरा साधारण ४५ अंशांचा भाग टिपतो, म्हणजे पडद्याचा मधला तुकडा. मधुमेहाची चाळणी लावायला तेवढा बहुधा पुरतो. चिरा मात्र जास्त करून कडेला पडतात, फोटोच्या चौकटीबाहेर. जे फोटोतच नाही ते जगातल्या सर्वात हुशार यंत्रालाही दिसणार नाही. त्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते आणि डॉक्टर डोक्यावर दिवा लावून, हातात भिंग धरून, कडेपर्यंत पडदा बघतात. हे काम आजही माणसाचंच आहे.

तिसरी गोष्ट शिबिरवाल्यांनी समजून घ्यायला हवी होती. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०१८ मध्ये डॉक्टरच्या मध्यस्थीशिवाय निकाल देणाऱ्या पहिल्या यंत्राला मान्यता दिली. आयडीएक्स-डीआर हे त्याचं नाव, आयोवा विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ मायकेल अब्रामॉफ यांच्या कामातून ते उभं राहिलं. मान्यता देतानाच एफडीएने बजावलं होतं की ज्यांना नजर कमी झाल्याची किंवा अंधूक दिसण्याची तक्रार आहे, डोळ्यासमोर ठिपके तरंगतात, ज्यांच्या डोळ्यावर आधी लेसर, शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन झालंय, त्यांची तपासणी या यंत्रावर करू नये. त्यांनी थेट डॉक्टरांकडे जायचं. म्हणजे तुमच्या आईंनी धाग्यांची तक्रार सांगताच त्यांना यंत्रासमोर बसवायचंच नव्हतं. त्या मुलाचा राग करू नका, त्याला कॅमेरा धरायला शिकवलं होतं, प्रश्न विचारायला नव्हतं. पण पुढचं शिबिर भरेल तेव्हा सरपंचांना सांगून दारातच तीन प्रश्न विचारायची सोय करून घ्या: काही नवीन दिसतंय का, नजर कमी झालीय का, डोळ्यावर आधी काही उपचार झालेत का.

आता अप्पा. त्यांना सगळं स्वच्छ दिसतं याने मला मुळीच दिलासा वाटत नाही. मधुमेहाने पडदा बिघडतो तेव्हा वाचायला लागणारा मधला बिंदू अनेकदा शेवटी धरला जातो. आजूबाजूला रक्तवाहिन्या गळत असतात, काही बंद पडलेल्या असतात, आणि माणूस बाजारभाव वाचत असतो. एक डोळा कमजोर झाला तरी दुसरा सांभाळून नेतो. घरी एक करून बघा: चष्मा लावून एकेक डोळा हाताने झाकायला सांगा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचायला लावा. दोन्ही डोळ्यांत फरक निघाला तर बोलणं तिथेच संपेल. फरक नाही निघाला तरी तपासणी टळत नाही, हे मात्र आधीच ठरवून घ्या.

अप्पा म्हणतात तसं यंत्र चुकत नाही का? चुकतं, आणि त्यांना वाटतं त्याहून जास्त वेळा. आकडे देते, कारण तुमच्या भाच्यालाही ते कळायला हवेत. आयडीएक्स-डीआरच्या चाचणीत ज्यांना खरोखर बिघाड होता त्यांतले ८७ टक्के यंत्राने पकडले आणि ज्यांना नव्हता त्यांतल्या सुमारे ९१ टक्क्यांना बरोबर मोकळं सोडलं. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सव्वा लाखाहून अधिक फोटोंवर आपलं यंत्र शिकवलं. त्या कामात मदुराईचं अरविंद नेत्ररुग्णालय, चेन्नईचं शंकर नेत्रालय आणि बंगळुरूचं नारायण नेत्रालय इथले फोटोही होते. पुढे अरविंद आणि शंकर नेत्रालयातच तीन हजारांवर रुग्णांवर त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिथेही पकड ८९ ते ९२ टक्क्यांच्या आसपास होती, आणि माणसांच्या तपासणीच्या बरोबरीची किंवा थोडी वरचढ. त्याच वर्षी मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांमधला एक अभ्यास आला. स्मार्टफोनवर बसवलेला कॅमेरा, इंटरनेटशिवाय चालणारं एआय, दोनशेवर मधुमेही. उपचारासाठी पाठवायला हवा असा एकही रुग्ण त्याच्याकडून सुटला नाही, पण निरोगी असलेल्या शंभरातल्या अकराबारा जणांनाही त्याने लाल खूण दिली.

आता हिशोब करा. शिबिरात हजार मधुमेही आले आणि त्यांतल्या ६० जणांचा पडदा खरोखर उपचाराच्या पातळीला बिघडलेला आहे असं धरू. यंत्राची पकड ९० टक्के, तर ५४ सापडतील, ६ सुटतील. उरलेल्या ९४० पैकी दहा टक्क्यांना, म्हणजे ९४ जणांना, उगाच लाल खूण मिळेल. एकूण लाल खुणा १४८, त्यांतल्या खऱ्या ५४. तीनांत साधारण एक! आणि हिरव्या खुणा मिळालेल्या ८५२ जणांमध्ये चुकलेले फक्त ६. म्हणजे ज्याला काही त्रास नाही त्याच्यासाठी हिरवी खूण बरीच भरवशाची, आणि लाल खूण म्हणजे ‘डोळा गेला’ असं बिलकुल नाही. चाळणी मुद्दामच अशी लावलेली असते. उगाच एक खेप झाली तर एक दिवस बुडतो, खरा रुग्ण सुटला तर नजर बुडते.

मग अप्पा त्या उगाच पाठवलेल्यांतले असतील का? असू शकतील, पण मी त्यावर पैज लावणार नाही. वरचा हिशोब सरसकट सगळ्यांचा आहे. चौदा वर्षांची शुगर असलेल्या माणसाच्या लाल खुणेचं वजन कालपरवा शुगर निघालेल्याच्या खुणेपेक्षा पुष्कळ जास्त. तुम्ही पत्रात अप्पांची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) लिहिलेली नाही. ती आठाच्या वर असेल तर वजन आणखी वाढलं. रक्तदाब असेल तर आणखी.

डाव्या डोळ्याबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, पण मला तो डोळा उजव्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. ‘फोटो तपासण्याजोगा नाही’ याचा अर्थ त्या डोळ्याची तपासणी झालेलीच नाही. बाहुली लहान असेल, शिबिराच्या हॉलमध्ये अंधार पुरेसा नसेल, मोतीबिंदू पिकत असेल, किंवा आत रक्त उतरलेलं असेल. कारण काहीही असो, अशा डोळ्याला लाल खुणेसारखंच वागवायचं. ही अडचण आपल्याकडेच आहे असंही नाही. गूगलचं हेच तंत्र थायलंडमधल्या पथुम थानी आणि चियांग माई इथल्या दवाखान्यांत नेलं, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतल्या १८३८ फोटोंपैकी २१ टक्के यंत्राने नाकारले. प्रयोगशाळेत स्वच्छ फोटोंवर शिकलेलं यंत्र, आणि इथे भरल्या ओपीडीत दिवे चालू ठेवून काढलेले फोटो. भर म्हणून इंटरनेट संथ. नर्सना डोळ्यांनी दिसत होतं की फोटो ठीकठाक आहे, तरी यंत्र मानेना, आणि रुग्णाला कामधंदा सोडून दुसऱ्या गावी जा म्हणून सांगावं लागे. हे सगळं गूगलच्याच संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलं, याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडे शिबिरांचे आकडे छापतात ते किती जण तपासले याचे. किती फोटो वाया गेले हे कुणी छापत नाही.

गिऱ्हाईक गोळा करण्याचा अप्पांचा संशय मी हसण्यावारी नेणार नाही. काही शिबिरं तशी असतात. उपाय सोपा आहे. शिबिरवाल्यांनी सुचवलेल्या ठिकाणी जाण्याची सक्ती कुणावर नाही. त्यांच्याकडून मूळ फोटो मागून घ्या, नुसता लाल-हिरव्या खुणांचा कागद नको. फोटो मोबाइलवर पाठवायला सांगा आणि तुमच्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवा. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात नेलं तरी चालेल. यंत्राचं नाव काय, ते नेमकं कुठल्या आजारासाठी तपासून घेतलेलं आहे, फोटो पुढे कुठे साठवले जातात, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पडद्याचा फोटो म्हणजे साधासुधा फोटो नव्हे. त्यावरून माणूस पुरुष आहे की स्त्री हे यंत्र बरंच अचूक ओळखतं, असं गूगलच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. माझ्या ओळखीच्या एकाही नेत्रतज्ज्ञाला हे जमत नाही. यंत्राला ते कशावरून कळतं हेही अजून नीट उलगडलेलं नाही.

डॉक्टरांकडे अप्पांचं काय होईल ते सांगते, म्हणजे त्यांची भीती कमी होईल. थेंब टाकून अर्धापाऊण तास बसवतील. बाहुली मोठी झाल्यावर चारसहा तास उजेड खुपतो आणि जवळचं अंधूक दिसतं, म्हणून त्यांना स्वतः मोटारसायकलवर पाठवू नका. पडदा बघून झाल्यावर बहुधा ओसीटी नावाचा स्कॅन करतील. त्यात सुई नाही, दुखत नाही. हनुवटी टेकवून दोन मिनिटं एका खुणेकडे बघायचं. साध्या फोटोत पडदा वरून दिसतो, ओसीटीत त्याचा उभा छेद दिसतो, आणि मध्यभागी पाणी साचून सूज आलीय का ते कळतं. शिबिराचा फोटो ही सूज थेट मोजू शकत नाही, आजूबाजूच्या डागांवरून अंदाज बांधतो. लाल खूण खरी की खोटी याचा निकाल इथे लागेल.

निकाल तीन प्रकारचा असू शकतो. बदल मध्यम आहेत, सूज नाही: शुगर, रक्तदाब आटोक्यात ठेवा आणि काही महिन्यांनी या. किंवा मध्यभागी सूज आहे आणि नजर उतरू लागली आहे: इंजेक्शनं. किंवा नवीन नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या आहेत: लेसर, इंजेक्शनं, कधी दोन्ही.

इंजेक्शनने डोळा जातो हे अप्पांनी ऐकलंय, आणि त्यात कणभर तथ्य आहे म्हणूनच ती अफवा टिकून आहे. डोळ्यात टोचल्यावर जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तो गंभीर असतो. पण तो हजारो इंजेक्शनांमागे एखाद्याला होतो. टोचल्यानंतरच्या दिवसांत डोळा ठणकू लागला, लाल झाला आणि नजर घसरली, तर त्याच दिवशी परत जायचं, एवढं पाळलं की धोका आणखी कमी होतो. सुई केसासारखी बारीक असते, आधी डोळा बधिर करतात, आणि ती बुबुळात नाही तर पांढऱ्या भागात टोचतात. मी पाहते ते डोळे इंजेक्शनने गेलेले क्वचित, आणि इंजेक्शनं अर्ध्यात सोडल्यामुळे गेलेले पुष्कळ. दोन घेतली, बरं दिसू लागलं, बागेची कामं निघाली, सहा महिन्यांनी आले तेव्हा सूज पुन्हा तेवढीच आणि खाली जखमेचा व्रण. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या सुजेसाठी पहिल्या वर्षात रुग्णांना साधारण नऊ-दहा इंजेक्शनं लागली. हा आकडा अप्पांना पहिल्याच दिवशी सांगा. दोन सांगून दहा घ्यायला लावण्यापेक्षा ते बरं.

खर्चाचं विचारायला लाजू नका. त्याच अभ्यासात, २०१५ साली, तीन औषधांची तुलना झाली: बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट. नजर थोडीच उतरलेली असताना तिघांचा परिणाम सारखा निघाला. नजर बरीच उतरलेली असताना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. यांतलं बेव्हासिझुमॅब सर्वात स्वस्त, आणि रॅनिबिझुमॅबचं भारतीय कंपनीने बनवलेलं रूपही २०१५ पासून मिळतं. तेव्हा ‘आमच्या डोळ्याला स्वस्तातलं चालेल का’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, वैद्यकीय प्रश्न आहे. डॉक्टरांना जरूर विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, काउंटरवरच्या माणसाला नको.

लेसरची बदनामीही अशीच. लेसरने नजर वाढत नाही, म्हणून लोक म्हणतात उपयोग झाला नाही. तो नजर वाढवायला मारतच नाहीत. नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या डोळ्यांत लेसरने गंभीर अंधत्वाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७०च्या दशकातच अमेरिकेतल्या अभ्यासाने सिद्ध केलं. रात्रीची आणि कडेची नजर थोडी कमी होऊ शकते, हे मात्र आधी सांगितलेलं बरं.

भाचा विचारेल, मग उपचारात एआय कुठे? आहे, पण पुढच्या खुर्चीत नाही. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयाने गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीबरोबर केलेल्या कामात २०१८ मध्ये यंत्राने ओसीटी बघून कोणाला किती तातडीने पाठवायचं हे नामांकित तज्ज्ञांच्या तोडीने सांगितलं, आणि तेही पन्नासाहून अधिक आजारांसाठी. व्हिएन्नात पडद्यात साचलेलं पाणी मोजून देणारी यंत्रणा तयार झाली, म्हणजे मागच्या वेळेपेक्षा सूज किती उतरली हे डोळ्यांच्या अंदाजाऐवजी आकड्यात कळतं. घरी बसून ओसीटी करायच्या एका यंत्राला एफडीएने २०२४ मध्ये मान्यता दिली, पण ते म्हातारपणी मध्यबिंदू झिजण्याच्या एका प्रकारासाठी, मधुमेहासाठी नाही. पुढचं इंजेक्शन द्यायचं की थांबायचं हे मात्र अप्पांच्या समोर बसलेला डॉक्टरच ठरवेल. अप्पांचा रक्तदाब, मूत्रपिंड, मागे हृदयाचा झटका येऊन गेलाय का, दर महिन्याला मिरजेला येणं जमेल का, हे स्कॅनमध्ये नसतं.

यावरून आठवलं. लाल खूण खरी निघाली तर फिजिशियनकडून लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या असतील तर मूत्रपिंडातल्याही तपासायला हव्यात. आणि घाबरून एकदम औषधं वाढवून शुगर झपाट्याने खाली आणायला जाऊ नका. तसं केल्यावर सुरुवातीच्या काही महिन्यांत पडदा तात्पुरता अधिक बिघडू शकतो. शुगर उतरवायचीच, पण डोळ्याच्या आणि शुगरच्या डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवून.

राहिला चॅटबॉट. रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ समजून घ्यायला, डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी करायला तो वापरा, माझी हरकत नाही. पण शिबिरातलं यंत्र आणि चॅटबॉट, दोघांनाही एआय म्हणतात म्हणून ते एक होत नाहीत. पहिल्याची शेकडो, कधी हजारो रुग्णांवर परीक्षा होते, कुठे चुकतं ते मोजलेलं असतं. दुसऱ्याला तुम्ही कागदाचा फोटो दाखवलात, त्याने कागदावर छापलेलंच वेगळ्या शब्दांत परत सांगितलं. आईंच्या धाग्यांबद्दल तुम्ही त्याला सांगितलं होतं का? पत्रात तसं दिसत नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्यानेही तातडीने डॉक्टरकडे जा म्हटलं असतं.

छाटणीचं म्हणाल, तर अप्पांना सांगा की एक दिवस मजूर आणि भाऊ सांभाळतील. दोघांना एकाच दिवशी न्यायचा मोह आवरा. दोघांच्याही बाहुल्या मोठ्या केल्या तर परत आणणार कोण? आईंना भावाबरोबर उद्या पाठवा. अप्पांसाठी त्याच वेळी पुढच्या पंधरवड्यातली तारीख घेऊन या, तारीख ठरली की छाटणीतूनही माणूस उठतो. आईंची चीर निघाली आणि लेसर झाला, तरी त्यांना मधुमेहासाठी दर वर्षी पडदा दाखवावाच लागेल, आणि पुढच्या वर्षी शिबिरातला कॅमेरा नको, बाहुली मोठी करूनच तपासणी.

आणि तुम्ही स्वतः. आई आणि वडील दोघांनाही शुगर आहे, तुम्ही पस्तिशी ओलांडल्याचं लिहिलंय. उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची, दोन्ही शुगर करून घ्या. निघाली तर त्याच महिन्यात पडदा दाखवायचा. बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी होणाऱ्या टाइप १ मधुमेहात पाच वर्षं थांबतात, आपल्या वयाला बहुधा होणाऱ्या टाइप २ मधुमेहात थांबत नाहीत, कारण तो कळायच्या आधी किती वर्षं अंगात होता हे कुणालाच माहीत नसतं.